पुढच्या दातातला चुना

१२ फेब्रुवारी

धाकट्या,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. तुझी वहिनी शेजारी बसून "लिहा, लिहा" म्हणून मागे लागली आहे म्हणून लिहितोय, नाहीतर माझं काही अडलेलं नाही.

बँड सोडून जाताना तालमीच्या खोलीच्या दारात उभं राहून तू जे बोललास ते मी विसरलेलो नाही. "दादाचे दात पडले की मला कळवा, मग येतो पहिलं ट्रंपेट वाजवायला." सगळा बँड हसला होता, ढोलवाला तर दोन दिवस हसत होता. तर तुला अधिकृतपणे कळवतो की दात पडलेला नाही. फक्त कुरकुरतोय.

वरचा पुढचा, डावीकडचा. वाजवताना ट्रंपेटचं माउथपीस जिथे टेकतं तोच नेमका. सगळ्या बत्तिशीत त्याच कार्ट्याला दुखायचं होतं. हिरडीवर वाटाण्याएवढा फोड आला, तरी मी दुकानात बसून लोकांच्या फोटोंना चौकटी ठोकत राहिलो. शेवटी वहिनीने दुकानाची किल्ली काढून घेतली आणि मला दवाखान्यात नेलं.

दवाखाना नवा आहे, चपलांच्या दुकानावर, लाकडी जिना चढून. डॉक्टरीणबाई वयाने इतकी लहान की मी तिलाच विचारलं, "बाळ, डॉक्टर कुठे आहेत?" ती म्हणाली, "हात धुताहेत, काका." मग हात धुऊन परत आली आणि म्हणाली, "आ करा."

तिने दाताचा एक्स-रे फोटो काढला. दाताच्या मधोमध एक काळी रेघ, ती म्हणजे मुळातली पोकळ नळी. रेघेच्या टोकाशी हाडात काळा डाग. दात आतून कधीचाच मेलाय म्हणे आणि त्यातली घाण मुळाच्या टोकातून बाहेर पडून हाड पोखरतेय. मी विचारलं, उपटून टाकला तर? ती म्हणाली, "खोटा बसवता येईल. जेवाल, हसाल. पण त्यावर ट्रंपेट वाजेल की नाही, ते मला नाही सांगता येणार."

मला सांगता येतं. नव्या दातावर ओठ बसवायला वर्ष जाईल, आणि मास्तर जूनच्या शेवटी निवृत्त होताहेत. हो, आपले बँडमास्तर. निरोपाच्या दिवशी बागेतल्या मंडपात त्यांना एकच गोष्ट ऐकायची आहे, त्यांनी आपल्या दोघांच्या ट्रंपेटांसाठी बसवलेलं "दोन घोडे". तेव्हा दात वाचायलाच हवा.

दुसऱ्या ट्रंपेटची काळजी तू करू नकोस. त्या खुर्चीवर आता चांगला माणूस मिळालाय. तुझी आठवणसुद्धा कुणी काढत नाही.

दादा


४ मार्च

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी भावाला लिहायचं ते हे? "पत्र पोचलं. दात पडला नाही हे वाचून वाईट वाटलं. वहिनीला नमस्कार." वहिनीने ते आरशाच्या कोपऱ्यात खोचून ठेवलंय. दाढी करताना रोज वाचावं लागतं.

दाताचं म्हणशील तर काम जोरात आहे. डॉक्टरीणबाईने दाताच्या मागच्या बाजूने, म्हणजे जिभेकडून, एक बारीक भोक पाडलं. तिथून सुयांसारख्या कानशी घालून नळी आतून घासली, पिचकारीने धुतली, कागदाच्या काड्यांनी टिपून कोरडी केली. मग एका सिरिंजमध्ये पांढरी पेस्ट घेऊन आली. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "चुना. शुद्ध केलेला, औषधी."

मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही मला चुना लावताय."

"लावत नाही काका, भरतेय. बोलू नका."

तिला माझ्यासारखी बोलायची हौस आहे, आणि माझं तोंड उघडं असल्यामुळे सगळं तिलाच बोलता येतं. तिने सांगितलं ते असं. या चुन्याचा क्षार जहाल. जंतूंना तो सोसत नाही, ते मरतात, आणि मुळाशी हाडाला भरून यायला उसंत मिळते. पण हे औषध घाईचं नाही. दाताच्या भिंतीत झिरपत झिरपत जातं, आठवडे लागतात. त्याच्या अटी दोनच. एक, नळीच्या भिंतीला ते सगळीकडे टेकलेलं हवं, मध्ये हवा राहता कामा नये. दुसरी, मागच्या भोकाचं झाकण घट्ट हवं. लाळ आत शिरली की चुना पातळ होतो, वाहून जातो, आणि जंतू पुन्हा सुखाने नांदायला लागतात.

भरून झाल्यावर तिने पुन्हा फोटो काढला आणि मी घाबरलो. काळी रेघच नाही! नळी गेली कुठे? तर ती टाळी वाजवून म्हणाली, "अहो, हेच तर हवं होतं. फोटोत हा चुना आणि दात एकाच रंगाचे दिसतात. रेघ नाहीशी झाली म्हणजे पेस्ट टोकापर्यंत बसली." मदतनीस बाईंनाही बोलावून दाखवलं तिने. आपण एखादा कठीण तुकडा एका दमात वाजवला की होतो ना, तसाच आनंद झाला होता तिला.

दात बरा होईपर्यंत ट्रंपेटला हात लावायचा नाही अशी तिची सक्त ताकीद आहे. माउथपीसचा दाब नको म्हणे. मी ट्रंपेट वहिनीच्या हवाली केलं. तिने ते कपाटात जाड पांघरुणांखाली ठेवून किल्ली कमरेला लावली.

पण म्हणून मी सराव सोडीन असं वाटलं का तुला? ट्रंपेट कपाटात असलं तरी जीभ तोंडातच आहे. "दोन घोडे"मधली पहिल्या ट्रंपेटची दौड दिवसभर जिभेवर चालू असते. तु-तु-कु, तु-तु-कु. काच कापताना, खिळे ठोकताना, रस्ता ओलांडताना. परवा एका गिऱ्हाइकाला वाटलं मी त्याच्यावर वैतागलोय. चौकट न घेताच गेला बिचारा.

दादा


५ एप्रिल

धाकट्या,

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. फोड बसला होता, तो पुन्हा आला. डॉक्टरीणबाईने फोटो काढला तर काळी रेघ परत हजर, जशी काही कुठे गेलीच नव्हती. म्हणजे चुना वाहून गेला. तिने नळी पुन्हा धुतली, पुन्हा भरली, वर नवं झाकण बसवलं. थोड्या दिवसांनी पाहिलं तर तेच. झाकणाची कड उचकटलेली आणि आत ठणठणाट.

"काका, काही कडक खाताय का?" नाही. "दात कोरता का?" नाही. "ट्रंपेट?" मी वहिनीकडे बोट दाखवलं. वहिनीने कमरेची किल्ली दाखवली.

मग तिने पेस्ट बदलून पाहिली. जंतू मारायच्या गोळ्या बारीक करून बनवलेली एक पेस्ट असते. त्यातल्या एका गोळीने दात काळानिळा पडतो, ती वगळून तिने उरलेल्यांची पेस्ट भरली. म्हणाली, कधीकधी चुन्याला दाद न देणारे चिवट जंतू असतात, त्यांना ही लागू पडते. पण चिवट काय नि मवाळ काय, पेस्ट आत राहील तर मारेल ना! तीही गेली.

पोरीचं तोंड उतरलंय. आधी बडबड करायची, आता गप्प राहून काम करते. मदतनीस बाईंनी वहिनीला हळूच सांगितलं की दवाखाना बंद झाल्यावर ती प्लॅस्टरच्या दातांवर झाकणं बसवायचा सराव करत बसते. आपल्याच हाताला काहीतरी झालंय असं वाटतं तिला. मला फार वाईट वाटलं. माझ्या एका दातापायी तिचा धीर खचायला नको.

काल म्हणाली, "आणखी एकदा भरून बघू. नाही टिकलं तर काढावा लागेल, काका. हाड आणखी पोखरू देता येणार नाही." 

संध्याकाळी मास्तर दुकानात आले. दाताचं विचारलं नाही. भिंतीवरच्या रिकाम्या चौकटी बघत म्हणाले, "दोन घोडे होईल ना रे?" मी म्हटलं, होईल. तू काय म्हणाला असतास?

दादा


२१ एप्रिल

धाकट्या,

चोर सापडला. हसू नकोस, किंवा हस, हसतील त्याचे दात दिसतील.

काल मी खुर्चीत आडवा होतो. डॉक्टरीणबाईने इवलासा आरसा दाताच्या मागे धरला होता आणि झाकण निरखत होती. एकाएकी आरसा थरथरायला लागला. तिने हात स्थिर केला, दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तरी आरसा टकटक टकटक. बिचारी पांढरीफटक पडली. तिला वाटलं, आपला हातच कापतोय.

मग तिने आरसा बाहेर काढला आणि नुसतीच माझ्या तोंडात बघत राहिली. मिनिटभर बघितलं असेल.

"काका, तुम्ही हे काय करताय?"

"कुठे काय?"

"जिभेने. मागून दातावर. सारखं काहीतरी आपटताय."

"ते होय! तो सराव चाललाय."

तिने हातातलं सगळं खाली ठेवलं. मी उठून बसलो आणि तिला समजावलं. ट्रंपेटमध्ये नुसती फुंकर घालून चालत नाही. प्रत्येक सूर सुटा करायचा तर जीभ वरच्या दातांमागे आपटावी लागते. तु. जलद हवं असेल तर तु-तु-कु. "दोन घोडे"च्या दौडीत तर श्वास घ्यायलाही फुरसत नसते. चांगला वाजवणारा ते झोपेतसुद्धा करतो. वहिनी बाकावरून म्हणाली, "झोपेत तर फारच करतात."

"आणि हे तुम्ही दिवसभर करता? माझ्या झाकणावर?"

"तुम्ही ट्रंपेटला बंदी केलीत. जिभेबद्दल काही बोलला नव्हतात."

धाकट्या, ती आधी रागावली, मग हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खुर्चीचा हात धरून हसत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! महिनाभर ती स्वतःला दोष देत होती आणि इकडे मी आज्ञाधारक पेशंट म्हणून आतून तिचं झाकण ठोकून काढत होतो. मी हात जोडले. ती म्हणाली, "काका, माझा हात ठीक आहे हे कळलं, मला एवढं पुरे."

मग पुन्हा चुना, आणि या वेळी वर मऊ झाकण नाही, दगडासारखं घट्ट होणारं सिमेंट. पण ती म्हणाली, "हेही अमर नाही. जीभ थांबली पाहिजे."

जिभेला हाड नसतं म्हणतात, लगामही नसतो. मी सांगितलं, तो तुकडा डोक्यात आहे तोवर जीभ थांबायची नाही. तिने विचार केला. "त्या तुकड्यात जीभ न आपटता वाजवायचं काही नाही का?"

"आहे. लांब लांब सूर. एकदा धरला की धरला."

"मग डोक्यात तेच वाजवा."

"ते दुसऱ्या ट्रंपेटचं आहे," मी म्हणालो.

"मग काय झालं?" ती म्हणाली. तिला काय माहीत काय झालं ते.

दादा


२५ एप्रिल

धाकट्या,

पहिल्या पत्रात तुला थाप मारली होती. दुसऱ्या ट्रंपेटला माणूस नाही. तू गेल्यापासून नाही. त्या खुर्चीवर ढोलवाला छत्री आणि डबा ठेवतो. कुणी नवा आला की मास्तर त्याला मागच्या रांगेत बसवतात, कारण विचारलं तर खोकतात.

आता खरं ते ऐक. काही दिवस मी मनात तुझी ओळ वाजवतोय. लांब सूर धरतो, दौड वर चालू आहे असं समजतो. पण वर काहीच नसतं. एका घोड्याचे "दोन घोडे" होत नाहीत. आणि ती दौड या गावात माझ्याखेरीज कुणाला येत नाही, आणि मला मनाई आहे. ती येणारा दुसरा एकच माणूस आहे, तो लांबच्या शहरात लोकांच्या वाद्यांचे पोचे काढत बसलाय.

तुझी जीभ माझ्याहून जलद होती, माझा दम तुझ्याहून लांब. पहिल्या ट्रंपेटसाठी मास्तरांनी दम निवडला. जीभ निवडली असती तर त्या दारात उभा राहून मी काहीतरी बोललो असतो आणि तूही माझ्यासारखा आडमुठा बसला असतास. आपलेच दात नि आपलेच ओठ, कुणाला बोल लावायचा?

ये. पहिलं तू वाजव. मास्तरांसाठी म्हणून नाही, मी बोलावतोय म्हणून ये. मला तुझी आठवण येते. वहिनी आतल्या खोलीत आहे, हे वाक्य तिने सांगितलेलं नाही.

दादा


९ जून

धाकट्या,

तुझं पत्र वाचून वहिनी रडली आणि मी चिडलो. येतोस हे सोन्याहून पिवळं. पण "येईन, मात्र दुसरंच वाजवीन. पहिलं तुझं आहे, मी भांडण जिंकायला येत नाही" हे काय? जेव्हा पहिलं मिळालं नाही तेव्हा गाव सोडलंस, आणि आता ताटात वाढलंय तर हात मागे?

इथे सगळं छान आहे. जीभ लांब सुरांवर शांत झाली आणि चुना जागचा हलला नाही. फोटोत रेघ नाही ती नाहीच. फोड गेला त्याची खूणही उरली नाही. मुळाशी जो काळा डाग होता तो आक्रसलाय, कडेने हाड भरून येताना दिसतं. डॉक्टरीणबाईची बडबड पूर्ववत चालू आहे. आज सकाळी तिने चुना धुऊन काढला आणि आत दुसरं काहीतरी भरलं, त्याचं पुराण तू आल्यावर सांगीन.

मुद्दा एवढाच की दात नाजूक आहे. दौड तुलाच वाजवावी लागेल. वैद्यकीय कारणापुढे तुझा हट्ट चालणार नाही. तुझ्यासाठी खोली झाडून ठेवली आहे.

दादा


२ जुलै

धाकट्या,

तू गाडीत बसलास आणि घर एकदम मोठं झालं. वहिनी तुझा विसरलेला मफलर धुऊन वाळत घालतेय. जूनमध्ये मफलर कोण आणतं?

मास्तर काल दुकानात आले होते. छडी ठेवल्यापासून हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नाही, म्हणून माझे खिळे उंचीप्रमाणे लावत बसले. जाताना म्हणाले, "धाकट्याची दौड बघितलीस? मंडपाचे खांब हलले." मग बराच वेळ चष्मा पुसत होते.

मी बघितली रे. सगळी बघितली. इतकी वर्षं ती दौड मी वाजवली, पण वाजवताना कान कुठे मोकळे असतात! शेवटच्या वळणावर तुझे कान लाल झाले होते, लहानपणी जिना चढायच्या शर्यतीत व्हायचे तसे. मी सूर धरून बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, पळ, पळ.

आता एक सांगायचं आहे. सांगणार नव्हतो, पण डॉक्टरीणबाईने घोटाळा केला, आता वहिनीकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. ती कार्यक्रमाला वहिनीच्या शेजारी बसली होती. "दोन घोडे" सुरू झालं तशी ती वहिनीच्या कानाशी लागली, "काका पहिलं का नाही वाजवत? मी तर त्यांना मोकळं सोडलंय."

सोडलं होतं. चुना काढून नळी कायमची भरली, मागे पक्कं झाकण बसवलं, त्याच दिवशी ती म्हणाली होती, "काका, आता जीभ हवी तेवढी आपटा." मी घरी येऊन वहिनीकडून किल्ली घेतली, कपाट उघडलं, ट्रंपेट काढलं आणि दौड वाजवून बघितली. कुठे अडखळलो नाही. मग ते पुसून परत पांघरुणांखाली ठेवलं आणि तुला पत्र लिहायला बसलो की दात नाजूक आहे.

खरं कळलं असतं तर तू त्या खुर्चीत बसला नसतास. मास्तर छडी ठेवायच्या आत तुला तिथे एकदा बसलेलं मला बघायचं होतं. आता चिडायचं असेल तर चीड.

तिकडे वहिनीच्या शेजारी बसलेली डॉक्टरीणबाई मात्र घाबरली. तिने पुन्हा विचारलं, "त्यांना अजून दुखतं का?"

वहिनीने मंडपाकडे पाहिलं म्हणे. तुझी दौड चालली होती, आणि मी सूर धरून तुझ्याकडे बघत होतो. ती म्हणाली, "नाही हो. आता नाही दुखत."

तुझा,
दादा